सन्मानदर्शक 'बे'

माझ्या नावावर एकच कादंबरी आहे, आणि तीही विज्ञान कादंबरी. हे सांगितलं की नवा माणूस माझ्याकडे जरा आदरानं पाहतो, म्हणून मी ते सांगून लगेच विषय बदलतो. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'तुम्ही विज्ञान शिकवायचात का?' मी वरवट बकालच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो, आणि भूगोलाचे मास्तर रजेवर गेले की भूगोल. रॉकेट मी पाहिलं होतं ते दिवाळीतलं, बाटलीत उभं करून सोडायचं. तेसुद्धा एकदा आडवं होऊन शेजारच्या कडब्यात शिरलं होतं. एवढ्या तयारीवर मी माणसं परग्रहावर पाठवली.

याचं मूळ आमच्या शिंप्याच्या दुकानात आहे. शिंपी माझा पहिलीपासूनचा सोबती. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं आणि दुकानात रेडिओ होता. पाकिस्तानशी लढाई सुरू झाली तेव्हा अर्धं गाव बातम्या ऐकायला तिथं जमायचं. बातम्या संपल्या की कोण कुठून कुठं सरकलं हे शिंपी लोकांना समजावून द्यायचा. त्यासाठी तो कापड कापायच्या लांबरुंद टेबलावर खडूनं नकाशा काढायचा. त्याचा भूगोल माझ्यापेक्षाही वाईट होता, पण आवाज मोठा होता, त्यामुळे लोकांना पटायचं.

पुढं लढाई थांबली. शिंप्याचा उत्साह मात्र थांबेना. दुकानाला सुट्टी असायची त्या दिवशी तो, मी आणि दवाखान्यातला कंपाउंडर असे तिघं जमायचो आणि त्याच टेबलावर आमची स्वतःची लढाई चालायची. शर्टाच्या पांढऱ्या गुंड्या म्हणजे पायदळ, कोटाच्या मोठ्या गुंड्या म्हणजे तोफा, आणि शिवणयंत्राच्या रिकाम्या बॉबिनी हे रणगाडे. शिंप्याच्या फौजेला लाल दोरा बांधलेला, माझ्या फौजेला निळा. कुणी किती सरकायचं ते टेपानं मोजायचं, तोफ लागली की नाही ते कवड्या फेकून ठरवायचं. कंपाउंडर पंच होता. जखमी गुंड्या तो औषधाच्या बाटलीच्या झाकणात ठेवायचा, आणि त्याच्या मते बऱ्या झाल्याशिवाय कुणाच्या बापाला परत द्यायचा नाही.

शिंप्याकडं दोन टेप होते. एक नवा आणि एक ताणून ताणून लांबलेला. स्वतःचं सैन्य तो लांबलेल्या टेपानं मोजायचा आणि माझं नव्यानं. आपल्या गावात पुष्कळांच्या पायजम्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब का असतो, हे कोडं मला तिथं उलगडलं. भांडणं तर इतकी व्हायची की रस्त्यावरची माणसं ऐकायला थांबत.

"अबे मास्तर, तुहा रणगाडा नदीत कसा गेला?"

"काऊन? पूल हाये तथी."

"कुठी हाये पूल? तो सुतळीचा तुकडा हाये."

"सुतळी म्हंजेच पूल. म्या आधीच सांगतलं होतं."

"पंचाले इचार बे!"

पंच कुठल्याशा जखमी गुंडीवर फुंकर घालत म्हणायचा, "माह्या दवाखान्यात आवाज नोको."

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मला वाटलं, यावर कादंबरी लिहावी. का वाटलं ते आता सांगता येत नाही; उन्हाळा फार होता एवढं आठवतं. कल्पना अशी: एका दूरच्या तांबड्या ग्रहावरच्या लोकांनी खऱ्या लढाया कधीच सोडून दिल्या आहेत. पाण्यावरून, जमिनीवरून तंटा झाला की ते एका प्रचंड पटावर सोंगट्यांनी लढतात आणि हरणारा निमूट मागं सरतो. तिथं पृथ्वीवरची माणसं खऱ्या बंदुका घेऊन उतरतात, आणि त्यांना सांगण्यात येतं की आधी पटावर बसा. आता ग्रहावरचे लोक पटाशी बसून काय बोलत असतील? माझी कल्पनाशक्ती इथं दम टाकून बसली. मग मी शिंप्याच्या दुकानातली भांडणं जशीच्या तशी उतरवली. शिंपी झाला ग्रहाचा सेनापती, कंपाउंडर झाला राजवैद्य. बोलणं आपलं रोजचंच होतं, त्यामुळे ते मी काही वेगळं लिहितो आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

पृथ्वीवरच्या लोकांवर मात्र मी मेहनत घेतली. पुस्तक पुण्याला छापायचं तर त्यांनी पुण्याला शोभेल असंच बोललं पाहिजे असं माझं मत होतं. पुण्याला मी तोवर गेलो नव्हतो. त्यामुळे माझे पृथ्वीवासी "हे ग्रहवासीयांनो, आम्ही मैत्रीचा संदेश घेऊन उपस्थित झालो आहोत" असं बोलत. त्यांतल्या एकाचा पाय यंत्रात सापडून मोडतो, तेव्हासुद्धा तो म्हणतो, "अहो, माझा पाय अडकल्याचे दिसते." हे वाक्य लिहून मी खूश झालो होतो, हेही सांगून टाकतो.

कादंबरीचं नाव ठेवलं 'ताम्रग्रहावरील पट'. पुण्यातल्या एका लहानशा प्रकाशकानं ती घेतली. त्याचं पत्र आलं: "ग्रहवासीयांसाठी आपण रचलेली स्वतंत्र भाषा थक्क करणारी आहे. वाचकांच्या सोयीसाठी पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ जोडत आहोत."

मी पत्र पुन्हा वाचलं. कुठली भाषा? मी तर एकही भाषा रचली नव्हती. मग हळूहळू प्रकाश पडला. आता कुणी म्हणेल, पुण्याच्या माणसांनी वऱ्हाडी कधी ऐकलीच नव्हती की काय. ऐकली असणार. पण ती परग्रहावर ऐकू येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. मी त्याच दिवशी कार्ड लिहून खुलासा करायला हवा होता. पण 'थक्क करणारी' हा शब्द माझ्याबद्दल तोवर फक्त गणिताच्या मास्तरांनी वापरला होता, तोही माझ्या बेरजेबद्दल. मी ते पत्र खिशात घालून चार दिवस गावभर हिंडलो.

पुस्तकं आली. शेवटचं पान उघडलं. 'काऊन' म्हणजे 'का'. 'हाव' हा होकार. 'मले, तुले' यांवरून या ग्रहावर 'ला' ऐवजी 'ले' हा प्रत्यय दिसतो. इथवर ठीक होतं. त्याखाली होतं: "बे: सन्मानदर्शक संबोधन. थोरांशी बोलताना वाक्याच्या शेवटी योजतात."

शब्दार्थ करणाऱ्या गृहस्थांचा तरी काय दोष? माझ्या कादंबरीत सारा ग्रह आपल्या सेनापतीला 'बे' म्हणतो, म्हणजे ते आदरार्थीच असणार, असं त्यांनी रीतसर अनुमान काढलं. सेनापती म्हणजे आमचा शिंपी, आणि त्याला बे म्हणणारे आम्ही त्याचे सोबती, हे त्यांना कोण सांगणार? आमच्याकडं बे म्हणतात ते बरोबरीच्या दोस्ताला, धाकट्या भावाला, फार तर बैलाला. वडीलधाऱ्या माणसाला बे म्हणणं म्हणजे चारचौघांत त्याची टोपी उडवणं.

गावात पुस्तकावर अभिप्राय यायला लागले. नावातलं 'ताम्र' म्हणजे तांबं हे कुणीतरी शोधून काढलं, त्यामुळे हे पुस्तक भांड्यांविषयी आहे अशी समजूत बरेच दिवस होती. शिंप्यानं फक्त लढाईची पानं वाचली, ओळीखाली बोट धरून, आणि तडक शाळेत आला. "अबे, ह्या लढाईत म्या हारलोच नव्हतो!" मी म्हटलं, हा तू नव्हेस, हा ताम्रग्रहाचा सेनापती आहे. "सेनापती कोन? मीच ना? मंग?" पुढच्या आवृत्तीत त्याला जिंकवायचं मी कबूल केलं तेव्हाच तो वर्गातून बाहेर गेला. कंपाउंडरचं म्हणणं, राजवैद्य जखमींना फार लवकर सोडतो, यानं दवाखान्याची बदनामी होते. मुख्याध्यापकांनी पुस्तक तांबड्या शाईनं तपासून परत दिलं आणि खाली 'ठीक' असा शेरा मारला.

पण खरी समीक्षा केली ती बाजारातल्या एका वांगीवाल्यानं. माणूस चौथी शिकलेला, पण मिळेल ते वाचणारा. वांगी तोलता तोलता म्हणाला, "मास्तर, बाकी समदं समजलं. ते रॉकेटातून उतरले ते लोक कोन्या ग्रहावरचे?"

"ते पृथ्वीवरचे."

"आन् ज्याइच्या घरी आले ते?"

"ते ताम्रग्रहावरचे."

त्यानं तराजू खाली ठेवला, थोडा विचार केला आणि माझी समजूत घालत म्हणाला, "छापनाऱ्यानं उलटं छापलं, मास्तर."

वडिलांचा अभिप्राय मात्र नव्हता, कारण त्यांनी पुस्तक वाचलंच नाही. घरात आम्ही दोघंच. आई मी अगदी लहान असताना गेली. स्वयंपाक वडील करायचे, भांडी मी घासायचो. तहसील कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि मानपानाला फार जपायचे. एका लग्नपत्रिकेत त्यांच्या नावामागं 'श्री' नव्हता, तर चुलतभावाशी त्यांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. माझं पुस्तक त्यांनी देवांजवळ ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. उघडलं नाही. मला ते बरंच वाटलं.

पुण्याकडचे अभिप्राय प्रकाशक एकत्र करून पाठवायचा. एकानं विचारलं होतं, ही भाषा आपण रशियनवरून बेतलीत की लॅटिनवरून? एकानं प्रत्ययांच्या सुसंगतीची तारीफ केली होती. एक गृहस्थ मात्र नाराज होते. त्यांचं म्हणणं, लेखकानं कल्पनेचा अतिरेक केला आहे, अशी भाषा कुठलाही सजीव बोलू शकणार नाही. ते पत्र मी शिंप्याला वाचून दाखवलं. शिंपी म्हणाला, "त्याले म्हनाव, ये इकडं. बोलून दाखवतो."

आणि मग ते पत्र आलं ज्यासाठी हे सगळं सांगतो आहे. भौतिकशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक, पुण्याचेच. सुरुवात होती: "सन्माननीय लेखक बे". पुढं त्यांनी माझ्या चुका दाखवल्या होत्या. त्यांतली मोठी अशी की माझा नायक प्रवासात रॉकेटची खिडकी उघडतो आणि थंडगार वारा आत येतो. "अवकाशात वारा नसतो," सरांनी लिहिलं होतं, "परंतु आपण निर्माण केलेल्या भाषेखातर त्या वाऱ्यालाही क्षमा आहे." पत्राच्या तळाशी दुसऱ्या, बारीक अक्षरात एकच ओळ होती: "शेवटच्या लढाईत निळ्यांनी नदी का ओलांडली नाही? वाट मोकळी होती. सरांची मुलगी."

ही ओळ वाचून मी खलास झालो. वाट खरंच मोकळी होती! आजवर हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. निळ्यांनी नदी ओलांडली नाही याचं खरं कारण असं की त्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक पायजम्याची घाई करत आलं, आणि शिंप्यानं नदी फडक्यानं पुसून तिच्यावर मांजरपाट पसरला. पण ज्या मुलीला ही मोकळी वाट दिसली, ती मुलगी त्या टेबलाशी आमच्यासोबत बसल्यासारखी मला वाटायला लागली. तिला मी पाहिलेलंही नव्हतं. तरी लग्न करावं तर हिच्याशीच, असं मी शाळेच्या हजेरीपटावर सही करता करता ठरवून टाकलं.

पत्रं वाढली. सरांना लेखक अविवाहित आहे हे कळलं, पत्रिका आली, जुळली, आणि मुलगी पाहायला पुण्याला या असं बोलावणं आलं. मी हवेत तरंगत होतो आणि त्याच वेळी माझी झोप उडाली होती. कारण सरांचं प्रत्येक पत्र 'बे'नं सुरू होऊन 'बे'नं संपत होतं. माणूस हौशी होता. दारात वडिलांचं स्वागत तो कसं करणार हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि त्यावर वडील काय करणार हेही दिसत होतं. वडील दारातून परतले की पुण्यातली ती मुलगी संपली.

सरांना आधी कळवून टाकावं म्हणून मी कार्ड लिहायला बसलो. "आपण 'बे' म्हणू नये" एवढंच लिहायचं होतं. पण ते का, हे सांगायचं तर मग भाषेचं बिंग फुटणार, आणि ती भाषा हाच तर माझा एकमेव पराक्रम. तिच्यावर तर तो वारासुद्धा माफ झाला होता. कार्ड लिही, फाड, असं चाललं. शेवटी मी ठरवलं की ईश्वर काहीतरी करील. ईश्वरानं माझ्या कादंबरीत एकदाही भाग घेतलेला नव्हता, तरीही मी त्याच्यावर हवाला ठेवून शेगावहून गाडीत बसलो.

पुण्याला सरांचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं. वडिलांनी धुवट धोतर, काळा कोट, टोपी असा थाट केला होता. जिन्यात त्यांनी मला बजावलं, "तथी नीट बोलजो. येड्यावानी करू नोको." दार उघडलं. सर प्रसन्न चेहऱ्याचे, उंच, चष्मेवाले. त्यांनी कमरेत वाकून दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "या बे! बसा बे! प्रवास सुखाचा झाला ना बे?"

वडिलांची एक चप्पल पायातून निघाली होती, दुसरी तशीच राहिली. ते माझ्याकडं वळले.

"यानं मले बे म्हनलं?"

"मले!" सरांनी आनंदानं टाळी वाजवली. "ऐकलंत का गं आत? वडीलसुद्धा बोलतात! अहो, केवढी निष्ठा! म्हणजे घरातही हीच भाषा?"

"काऊन बे म्हनून राह्यले हे मले? म्या काय याइचं खाल्लं?"

"'काऊन' आणि 'राह्यले' एकाच वाक्यात!" सर मला म्हणाले. "आणि उच्चार काय अस्सल!"

वडिलांनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. आता बोलायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि सांगायला लाज वाटते, तोंडातून माझ्याच पृथ्वीवासीयाचा आवाज बाहेर पडला: "बाबा, येथे किंचित गैरसमज झाल्याचे दिसते."

"तू तं बोलूच नोको," वडील म्हणाले.

आता कुठं सरांना कळलं की पाहुणा रागावला आहे. ते गडबडले, धावत आत गेले आणि माझं पुस्तक घेऊन आले. शेवटचं पान उघडून त्यांनी वडिलांपुढं धरलं. "अहो, मी आपला मानच करत होतो. हे पाहा ना, तुमच्या चिरंजीवांच्याच पुस्तकात आहे. सन्मानदर्शक!"

वडिलांनी खिशातून चष्मा काढला. मुलाचं पुस्तक ते प्रथमच उघडलेलं पाहत होते. कचेरीतल्या अर्जासारखं त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. "बे. सन्मानदर्शक संबोधन. थोरांशी बोलताना वाक्याच्या शेवटी योजतात." मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करत होतो. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि दारातच भिंतीला टेकून ते डोळ्यांत पाणी येईतो हसले.

"म्हंजे मी आजपावतो साऱ्या तालुक्याले मान देऊन राह्यलो!" ते म्हणाले. "चपराशाले बी, न् बैलाले बी!"

चपला निघाल्या. वडील आत येऊन खुर्चीवर बसले, सरांना हातानं शेजारी बसवलं आणि बे म्हणजे काय, ते कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही, हे त्यांना सविस्तर समजावून दिलं. मी मनात म्हटलं, वाचलो. पण संकटानं फक्त बाजू बदलली होती. वडिलांचं हसू वाढत गेलं तसं सरांचं मावळत गेलं.

"म्हणजे ही भाषा तुमच्याकडं बोलतात?"

"हाव. सारेच बोलतात."

"वऱ्हाडी?" सरांनी हा शब्द चहातली माशी बाजूला काढावी तसा उच्चारला. सकाळपर्यंत जे शब्द दूरच्या ग्रहावरून आले होते, ते आता एसटीनं आले होते. शब्द तेच होते. सरांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि मला शांतपणे विचारलं, "मग तुम्ही रचलंत काय?"

प्रश्न योग्य होता. मी मनात हिशोब करून पाहिला. लढाई शिंप्याची होती. जखमींचे नियम कंपाउंडरचे होते. शेवट एका गिऱ्हाइकाच्या पायजम्यानं केला होता. भाषा तर गावाचीच होती. खोटं बोलावं तर आता तेही सुचेना.

"पृथ्वीवरच्या लोकांची भाषा," मी म्हणालो. "तेवढी मी रचली. तसं कुणीच बोलत नाही."

आतल्या पडद्यामागं कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. माझी सगळी आशा त्यानंतर त्या पडद्यावरच होती.

सर हसले नाहीत. "आणि तो वारा," ते म्हणाले. "अवकाशात वारा नसतो." भाषा गेली तशी वाऱ्याची माफीही गेली होती. मुलगी पोहे घेऊन आली. मी तिच्याकडं नीट पाहिलंही नाही, बशीतले शेंगदाणे पाहत राहिलो. सरांनी रीतीप्रमाणं तिला विचारलं, "तुला काही विचारायचंय?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. नदीविषयी विचारणाऱ्या मुलीला आता काहीच विचारायचं नव्हतं. निघताना सर जिन्यापाशी म्हणाले, "कळवतो." या शब्दाला शब्दार्थ जोडायची गरज पुण्यातही नसते आणि वऱ्हाडातही नसते.

वडील कठडा धरून खाली उतरले. मी मागं राहून उगाच चपलेचा अंगठा नीट करत बसलो होतो. सर आत वळले होते. ती दारात आली.

"आत विचारता आलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या त्या ग्रहावर एकही बाई नाही."

मी सबंध कादंबरी डोक्यातून एकदा फिरवली. सेनापती, राजवैद्य, पहारेकरी, पाणक्या, सगळे पुरुष होते. पानामागून पान नुसते पुरुषच पटाशी भांडत होते.

"माझ्या लक्षातच आलं नाही," मी म्हणालो.

"आता आणा. मला तिथं राहायला यायचंय." आणि मी आ वासून उभा आहे हे पाहून तिनं पुढं सांगितलं, "माझ्या आप्पांशी मी बोलते. ते ऐकतात माझं." एवढं बोलून ती आत गेली.

जिना मी कसा उतरलो ते आठवत नाही. खाली वडील वाट पाहत उभे होते. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "काय म्हने पोरगी?"

"म्हने, पुस्तकात एकबी बाई नाही."

वडिलांनी टोपी काढली, हातानं साफ केली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"खरं हाये तिचं," ते म्हणाले. "आपल्या घरातच नव्हती. तू लिहिशीन कुठून?"

माझ्या पुस्तकाबद्दल ते एवढंच बोलले. मला एकदम रडू आलं. पुण्याच्या भर रस्त्यात ते मी नाक शिंकरण्यावर निभावून नेलं. वडील पुढं झाले आणि एका सायकलवाल्याला थांबवून स्टेशनचा रस्ता विचारू लागले.